पडताळ्याला मार्क नाहीत

वर्गमुळाचं समीकरण दिसलं की मला अजून शिसारी येते. गणिताची नव्हे. लातूरच्या त्या पत्र्याच्या शेडची, तिथल्या घामट वासाची आणि तिथं शिकवणाऱ्या सरांची.

भूकंपानंतर स्लॅबखाली बसायला कुणी धजत नव्हतं, म्हणून आमचा क्लास पत्र्याखाली भरायचा. निलंग्याकडचं आमचं घर पडलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या शाळेत गणित शिकवायचे. शाळेच्या भिंतींना तडे गेले तसे ते पोरांना झाडाखाली घेऊन बसायचे. पोरगी इंजिनियर झाली की घरदार पुन्हा उभं राहील, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी मला क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये टिकायचं होतं. सर स्वतः फक्त त्या बॅचला शिकवायचे. बाकीच्यांच्या नशिबी नवशिके.

एका चाचणीत गणित आलं: √(x + ७) = x − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की वर्गमूळ जातं आणि x च्या दोन किमती मिळतात, नऊ आणि दोन. पण वर्ग करताना उणे-अधिकचा फरक पुसला जातो आणि एखादं खोटं उत्तर आत घुसतं. म्हणून मिळालेली किंमत मूळ समीकरणात घालून बघायची, म्हणजेच पडताळा घ्यायचा. दोन घातला की डावीकडं तीन येतात, उजवीकडं उणे तीन. दोन बाद. हे मला आप्पांनीच शिकवलं होतं. पडताळा घेतल्याशिवाय ते मला पुढच्या गणिताला हात लावू देत नसत.

मी फक्त नऊ लिहिलं. सरांनी त्यावर काट मारली, कारण त्यांच्या छापील नोट्समध्ये नऊ आणि दोन असं उत्तर होतं. मी समजावून सांगायला गेले तर म्हणाले, "पडताळ्याला मार्क नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर म्हणणारे हात वर करा."

सगळ्या शेडनं हात वर केले. माझ्या शेजारणीनंही केला, आणि तिनं माझ्यादेखत दोन खोडला होता. गणिताला मतदान! दुसऱ्या दिवशी माझी रवानगी दुसऱ्या बॅचमध्ये झाली.

निरोप मिळताच आप्पा एसटीनं आले. मला वाटलं, आता सरांची चांगली जिरणार. सरांनी त्यांच्यापुढं खडू धरला. "गुरुजी, तुम्हीच सांगा पोरीला."

आप्पांनी फळ्यावर एकेक पायरी लिहिली. अक्षर सुंदर होतं त्यांचं. शेवटी नऊ लिहिलं, जरा थांबले आणि शेजारी दोन लिहिला.

"सरांचं बरोबर हाय," ते म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "लेकरू हाय, समजून घ्या."

सर हसले. मला पहिल्या बॅचमध्ये परत घेतलं.

दाराबाहेर आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नऊच बरोबर हाय, पोरी. मनाला लावून घेऊ नको."

मी डोकं बाजूला काढलं. सरांना गणित येत नव्हतं. आप्पांना येत होतं, म्हणून जास्त किळस त्यांचीच आली. पुढं सुट्टीत घरी गेले तरी मी त्यांच्यासमोर गणिताची वही उघडली नाही.