जपानच्या साहेबांना दिलेला हुंकारा

तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळ राहणाऱ्या सुपडूभाऊंची चारुलता जपानी भाषेची एन-थ्री परीक्षा पास झाली, तेव्हा तिच्या आईने, भिकुबाईंनी, देवापुढे साखर ठेवली आणि अख्ख्या गल्लीत वाटली. मिरचीचे देठ खुडता खुडता पोरीने ती चित्रांसारखी अक्षरं घोकली होती! पुण्याच्या कंपनीने घरबसल्या काम दिलं, पण नुसतं कागदांच्या भाषांतराचं. जपानचे फोन घ्यायचे तर सरावाच्या फोनवर पास व्हायला हवं, आणि तिथेच घोडं अडलं होतं.

पलीकडे जपानी साहेब बोलू लागले की चारुलता श्वास रोखून ऐकायची. मोठं माणूस बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे घरचं वळण. साहेब मात्र सारखे थांबून विचारायचे, "मोशी मोशी?" म्हणजे, हॅलो, आहात ना?

"व्याकरण चोख आहे गं तुझं," कंपनीतल्या शिकवणाऱ्या कामिनीताई म्हणाल्या, "पण त्यांना वाटतं फोन कट झाला. सोमवारी शेवटची संधी हं."

तो श्रावणी सोमवार. सकाळी भिकुबाई कहाणी सांगायला बसल्या. शेजारच्या तापीबाई आणि चारुलता मुठीत तांदूळ धरून समोर. पोरीचं चित्त भलतीकडेच. भिकुबाई मध्येच थांबल्या.

"हुंकारा दे ना वं चारू! तू गप बसनी तं मी कोनले सांगू, भितडाले?"

"परीक्षा पास झायी नि हुंकारा ईसरी गयी!" तापीबाईंनी टोमणा मारला.

चारुलता हसली, "हां" म्हणाली आणि एकदम सरळ बसली. लहानपणापासून ती दर वाक्याला हुंकारा देत आली होती. त्यात कोणाला कधी अपमान वाटला होता?

दुपारी फोनला बसताना तिने पुन्हा चार तांदूळ मुठीत घेतले. साहेबांचं वाक्य संपलं. "हाइ," चारुलता म्हणाली, म्हणजे जपानीतलं 'हां'. पुढचं संपलं. "हाइ." साहेबांचा आवाज मोकळा झाला, बोलणं धो धो वाहू लागलं. 'मोशी मोशी' एकदाही आलं नाही.

तापीबाई दारातून डोकावल्या. "पोर हाइ हाइ काय करी ऱ्हायनी व?"

"हळू बोल माय! जपानना साहेब कहानी सांगस, मन्ही चारू हुंकारा देस," भिकुबाई ताठ मानेने म्हणाल्या.

थोड्या वेळाने कामिनीताईंचा फोन आला. "उद्यापासून जपानचे फोन तुझे."

चारुलताने मूठ उघडली. तांदूळ घामाने ओले झाले होते. तिने ते देवाला वाहिले, आणि भिकुबाई पुन्हा साखरेचा डबा घेऊन गल्लीत निघाल्या.