घोसाळ्याचा तिसरा राजा

माझ्या मुलीच्या सासऱ्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात: वाळलेल्या आणि अजून वाळायच्या राहिलेल्या. माणसंही त्यात आलीच. साखरपुड्याला मी आचोळ्याहून हौसेनं मोठा गुच्छ घेऊन वसईला त्यांच्या घरी गेलो, तर जेवणाची पानं मांडेपर्यंत तो पडवीत दोरीला उलटा टांगलेला. "नाताळपर्यंत मस्त सुकेल," ते म्हणाले आणि बराच वेळ माझ्या मिशीकडे बघत राहिले. "व्याही, कधी उतरवलीत तर फेकू नका. आमच्या जोसेफला दाढी नाय."

जोसेफ म्हणजे नाताळात ते मांडतात त्या गोठ्याच्या देखाव्यातला, बाळ येशूचा बाप. त्या गोठ्यात प्लॅस्टिकला मज्जाव. छप्पर केळीच्या सोपटांचं, मेंढ्या शेवरीच्या कापसाच्या, चांदण्या वाळून उकललेल्या भेंडीच्या. त्यापायी वाडीतली एकही भेंडी कोवळी खुडायची सोय नाही. विहीणबाई दारात भेंडीचा वाफा असताना बाजारातून भेंडी आणतात आणि पदराखाली लपवून आत नेतात, कारण एकदा पिशवीतली भेंडी परस्पर पत्र्यावर वाळत पडली होती. बाळ येशूला भेटायला येणारे तीन राजे मात्र घोसाळ्याचे. घोसाळं वेलावरच वाळू द्यायचं, साल सोलायची, की आत जाळीदार राजा तयार.

एका वर्षी वेलाला तीनच घोसाळी धरली. दोन वाळली, तिसरं कोवळं होतं, आणि नेमके तेव्हाच माझ्या लेकीला घोसाळ्याच्या भज्यांचे डोहाळे लागले. तिच्या पोटात काही ठरत नव्हतं, अंगावरचे कपडे सैल झाले होते, आम्ही सगळे धास्तावलेले. बाजारातल्या घोसाळ्याचा तिला वास येई; हवं ते दारच्याच वेलाचं. पण त्या घोसाळ्याला तर व्याह्यांनी पावसात कुजू नये म्हणून आपली छत्री बांधलेली. बोलणार कोण? शेवटी मुलीचा बाप म्हणून मी गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं. कोयती घेऊन वेलाखाली उभे राहिले. "राजा हाय हा, व्याही," एवढंच बोलले, घोसाळं कापलं आणि स्वतः स्वयंपाकघरात नेऊन दिलं. लेकीनं ताटभर भजी खाल्ली आणि ती पचली. व्याह्यांनी एकही तोंडात घातलं नाही.

त्या नाताळात गोठ्यात राजे दोनच, मध्ये रिकामी जागा. येणारा-जाणारा विचारी, तर हे शांतपणे सांगत, "तिसरा वाटेत हाय. फेब्रुवारीत पोचेल."

फेब्रुवारीत नात झाली. पुढच्या नाताळात ती त्याच जागेवर बसून जोसेफची दाढी चघळत होती. होय, मी मिशी दिली होती.

आता जावयाची नोकरी परदेशात, तिघंही तिकडेच. व्याह्यांचं घर फार शांत झालंय. यंदा वेल घोसाळ्यांनी लगडलाय, तरी गोठ्यात राजे दोनच दिसले. मी म्हटलं, "एवढी घोसाळी आहेत, तिसरा करा की."

"मग ती आली तर बसेल कुठे?" ते म्हणाले.

मी पुन्हा मिशी वाढवायला घेतली आहे. नात आली की चघळायला नवी दाढी लागेल.