तांडेलाने घेतलेलं नाव

या सदरातले अनुभव मी वाचते ते बहुतेकदा त्यातली चूक शोधायला. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. छापलेल्या गोष्टीचाही संदर्भ तपासल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही सवय तिथली. भूत, संचार, कौल यांतलं मी काही मानलं नाही, आणि आज मानते असंही नाही. तरी लिहिते आहे, कारण मालवणात जे झालं त्यातली लबाडी मला अजून सापडलेली नाही... आणि ती सापडावी अशी माझी फार इच्छा आहे.

माझा धाकटा भाऊ श्रीधर गेल्या वर्षी गेला. दुखणं लांबलं होतं. अंथरुणात पडल्या पडल्या तो मालवणची ट्रिप आखत असे – सावंतवाडीची लाकडी खेळणी, मग किल्ला, मग समुद्रात स्नॉर्कलिंग. "ताई, तू काठावर वाचत बस, मी मासे बघून येतो," म्हणायचा. तो गेल्यावर ती ट्रिप आपण एकटीने करायची, असं मी ठरवलं.

बुकिंग मी सांगलीहून फोनवर केलं, माझ्या सासरच्या आडनावाने. फेसबुकवर मी नाही. कसालला उतरून मालवणची एसटी धरली तेव्हा त्या गावात मला ओळखणारं कुणीही नव्हतं. होमस्टेच्या काकी मोकळ्या स्वभावाच्या. एकट्याच का आलात, मुलं कुठे असतात, सगळं त्यांनी विचारून घेतलं. मी अर्धवट उत्तरं दिली. "भाऊ येणार होता, जमलं नाही," एवढंच बोलले. हे वाक्य मी नंतर मनात पुष्कळदा तपासून पाहिलं. त्यात त्याचं नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकींच्या ओळखीच्या बाबी तांडेलांच्या होडीत बसलो. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. साठीचा, सावळा, कमी बोलणारा माणूस. प्रवासी तिघंच – मी आणि पुण्याचं एक तरुण जोडपं, अमोल आणि नेहा. शिवाय पाण्यात उतरवणारा गाईड. पावसाळ्यानंतरची ती त्यांची पहिली फेरी, म्हणून निघण्याआधी गाऱ्हाणं घालायचं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने, माणसांची नावं घेऊन सांगणं, आणि बाकीच्यांनी दुजोरा देणं. त्यासाठी त्यांनी आमची नावं विचारून घेतली होती.

नारळ हातात धरून ते म्हणाले, "बा देवा रामेश्वरा, म्हाराजा... आज हंगामाची पयली फेरी. पुण्याची ही जोडी, अमोल नि नेहा. सांगलीची ही वसुधाताय, आणि तिचो भाव सोनटक्को. तुझ्या भरवशार ह्यांका दर्यात नेतंय. जशी नेतंय तशी किनाऱ्याक लाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. माझ्याही तोंडून ते निघून गेलं – नाव कानातून आत पोचायच्या आधीच.

श्रीधर लहानपणी किडकिडीत आणि पांढराफटक होता, म्हणून वडील त्याला सोनटक्का म्हणत. वडील आणि मी, बाकी कुणी नाही. मित्रांचा तो श्री, हॉस्पिटलच्या फाईलवर श्रीधर. वडील केव्हाच गेले. तो गेल्यापासून मी ते नाव उच्चारलेलं नव्हतं.

नारळ फुटला. प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा एक तुकडा आला. माझ्या हातावर दोन.

"तुमचे भाऊ यायचेत का अजून?" नेहाने हळूच विचारलं. म्हणजे मला भास झाला नव्हता.

मला भीती वाटली नाही, राग आला. दुःख घेऊन आलेला माणूस ओळखायचा, कुठून तरी माहिती काढायची, त्याला हेलावून सोडायचं – बरा धंदा आहे, असं वाटलं. मी दुसरा तुकडा रुमालात बांधला आणि तांडेलांवर नजर ठेवून बसले. फसवणारा माणूस आपल्या बोलण्याचा परिणाम बघतो. ते मात्र इंजिनाशी खटपट करत होते, माझ्याकडे बघतही नव्हते. हे मला तेव्हाही खटकलं.

किल्ल्याच्या अलीकडे गाईडने मला पाण्यात उतरवलं. रिंग धरून तोंड पाण्याखाली घातलं... आणि पिवळ्या पट्ट्यांचे मासे अगदी चष्म्याजवळून गेले. मी हसले. तोंडात नळी असताना हसायचं नसतं. खारं पाणी घशात गेलं, गाईडने वर ओढलं. वर्षभरातलं माझं ते पहिलं हसणं.

किनाऱ्याला लागल्यावर तांडेलांनी ओंजळीत समुद्राचं पाणी घेतलं आणि परत आलेल्यांची नावं घेऊन देवाचे उपकार मानले. अमोल, नेहा, वसुधाताय. बस.

मी थांबले. बाकीचे उतरल्यावर विचारलं, "जाताना माझ्या भावाचं नाव घेतलंत. आता का नाही?"

ते दोर बांधत होते. "जो परत होडयेत बसलो, तेचाच नाव घेवचा, ताय. नाय बसलो तेचा घेतलंय तर देवाक खोटा सांगल्यासारख्या होयत."

"आणि नाव कुणी सांगितलं तुम्हाला?"

आता त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. गोंधळल्यासारखे. "तुमीच. होडयेत चढताना मागे वळान म्हणालात – सोनटक्क्या, जपान, शेवाळ आसा."

चढताना नेहा माझ्या अगदी मागे होती. तिला गाठून विचारलं. ती संकोचली. "खरं सांगू? नाव सांगण्यापलीकडे तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. आम्हाला वाटलं, आमच्यावर वैतागलाय."

मग राहिल्या काकी. जेवायला वाढताना त्यांना आडून आडून विचारलं, बाबी पाहुण्यांची चौकशी करतात का म्हणून. त्या हसायलाच लागल्या. "बाबी? अगो बाये, तेका आपल्या नातवांची नावां धड येनत नाय. थोरल्याक धाकट्याच्या नावान हाक मारता." मग माझा चेहरा पाहून त्यांनी न विचारताच वाटीत सोलकढी ओतली.

आता मला सुचतं ते असं – ते वाक्य मीच बोलले असेन. एसटी असो, नदीचा घाट असो, मागे वळून त्याला 'जपून' म्हणायची माझी जन्माची सवय. वाऱ्यात नेहाला ऐकू आलं नसेल. हे पटण्यासारखं आहे. पण तांडेलांच्या 'नाय बसलो' याचं काय? तुम्ही कुणाला पाहिलंत का, हा एकच प्रश्न मी तांडेलांना विचारायला हवा होता. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलेही. ते जाळं सारखं करत बसले होते. मी लांबूनच परतले.

खोबऱ्याचा तो तुकडा वाळून माझ्या पुस्तकांच्या फळीवर पडला आहे. बाबी तांडेल लबाड आहे, असं कुणी पुराव्यानिशी दाखवून दिलं तर मी त्याचे आभार मानीन. तो लबाड असेल तर श्रीधर कुठेच नाही, आणि ते सोसायला मी शिकले आहे. पण तो खरा असेल तर मी माझ्या भावाला मासे दाखवायला नेलं आणि एकटीच परत आले... 'जशी नेतंय तशी' याला सगळ्यांबरोबर व्हय म्हणूनसुद्धा.