नार्दूकाकाचा गोळा

आमच्या बोर्मलाच्या गल्लीत नार्दूकाका पाव भाजायचा. त्याच्याइतका हट्टी माणूस अख्ख्या माल्टात नसेल. रोजच्या आंबलेल्या पिठातला एक गोळा तो दुसऱ्या दिवसाचं पीठ फुगवायला विरजणासारखा राखून ठेवायचा. हा गोळा त्याच्या आजोबांपासून असाच चालत आला होता. महायुद्धात बेटाला वेढा पडला आणि बेचाळीसच्या मार्चात पीठ संपत आलं, तरी स्वतः अर्धपोटी राहून तो गोळ्याला मूठभर पीठ घालायचाच. त्याची बायको दोलोर करवादायची, "बायको उपाशी राहिली तरी चालेल, गोळा जेवला पाहिजे."

मग बातमी आली की पिठाची जहाजं निघालीत. वाटेत शत्रूच्या विमानांनी त्यातली काही बुडवली. तरी एक बंदरात शिरलंच. आम्ही तटावर उभे राहून घसा बसेपर्यंत ओरडलो. काका मात्र तडक घरी गेला आणि उरलंसुरलं सगळं पीठ गोळ्यात घालून मळायला बसला.

"अरे, सगळं?" काकू म्हणाली.

"उद्या पोती येतील. गल्लीभराचा पाव फुगवायचा तर गोळा दांडगाच लागणार. तुला भट्टीतलं काय कळतं?"

पोती आलीच नाहीत. जहाज हाकेच्या अंतरावर उभं, आणि माल उतरवायचा हुकूम काही निघेना. साहेबलोकांची खलबतं चाललेली, हमाल हात बांधून बसलेले. दुसऱ्या दुपारी हवाई हल्ल्याचा भोंगा झाला आणि आम्ही भुयारात पळालो. बाहेर येऊन बघतो तर जहाज तळाला, पाण्यावर नुसतं तेल. मला अजून तो राग गिळता येत नाही. एवढे खलाशी मेले ते काय माशांना पीठ चारायला?

काकाच्या घरी गोळा फुगून परातीबाहेर आला होता. आणखी ठेवला असता तर वायाच जायचा. काकाने पडक्या घराची दारं फोडून भट्टी पेटवली आणि त्याचेच पाव भाजून वाटले. आंबट ढाण होते, पण कुणी नाक मुरडलं नाही. सगळ्यात शेवटी शेजारची सेंसा पोरांना घेऊन आली, तेव्हा पाव संपले होते.

काकूने सवयीने एक गोळा फडक्याखाली झाकून ठेवला होता. काकाने तो उचलला.

"नार्दू, तो ठेव. आजोबांचा आहे."

"आजोबा पोटभर जेवून मेले," काका म्हणाला आणि गोळा भट्टीत सरकवून त्याने दार लावलं.