खोटी बत्ती

मंचावरच्या माणसांचं हसू पाहिलं की बत्तीदादाला मळमळतं. हे त्यानेच मला सांगितलं. मंचाखाली उभा राहून, त्या हसण्याचे फोटो काढता काढता.

तो फोटोग्राफर. सत्कार, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, उद्घाटनं; वस्तीत चार माणसं जमली की त्याला बोलावणं जातं. मी साहित्याचा पदवीधर, म्हणून सूत्रसंचालन माझ्या गळ्यात. मी माइकपाशी, तो खाली. तिथूनच मैत्री झाली. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, पण सगळे दादा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. तो मला कवी म्हणतो. मी आजवर एकही कविता लिहिलेली नाही.

त्याच्या फ्लॅशच्या पाठीवर एक बारीकसं बटण आहे. ते दाबलं की नुसता उजेड पडतो, फोटो निघत नाही. याला तो खोटी बत्ती म्हणतो. सत्कार एकाचा असतो आणि आजूबाजूला दहाजण माना घुसवतात. दादा खोटी बत्ती मारतो. माना समाधानाने मागे जातात. मग तो खरा फोटो काढतो.

"ही फसवणूक नाही का, दादा?" मी एकदा विचारलं.

"त्यांना फोटो कुठे हवा असतो? उजेड हवा असतो. देतो."

आमच्या मंडळाच्या सगळ्या नाटकांचे कपडे शिवणवाली मावशी शिवते. राजाचा अंगरखाही तिचा, भिकाऱ्याची लक्तरंही तिचीच. मंडळाच्या अल्बममध्ये तिचे कपडे पानोपानी आहेत. ती एकाही पानावर नाही. तिचा मुलगा दुसऱ्या शहरात असतो. तो दर फोनला म्हणतो, "मशीन विकून टाक आणि इकडे ये. तिथे तुला विचारतंय कोण?"

यंदा मंडळाने तिचा सत्कार ठरवला. कार्यक्रमाआधी ती दादाला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "माझा एकच काढ, पण नीट काढ. मुलाला पाठवायचाय. त्याला दिसू दे, मला विचारतात ते."

"मावशी, तुमचा नाही तर कुणाचा नीट काढणार?"

मी मंचाच्या कडेला उभा होतो, म्हणून मला सगळं दिसलं. सत्कारमूर्ती अनेक होते. मानचिन्ह एकच होतं. अध्यक्ष ते हातात द्यायचे, बत्ती चमकायची, माणूस दुसऱ्या बाजूने उतरायचा. तिथे चिटणीस उभे. ते मानचिन्ह काढून घ्यायचे, त्यावर पुढच्या नावाची चिठ्ठी चिकटवायचे आणि मागच्या मागे अध्यक्षांकडे पाठवायचे. "तुमचं घरपोच येईल," असं प्रत्येकाला सांगायचे. मी माइकवरून प्रत्येकाच्या सेवेचं मोल करता येणार नाही, असं म्हणत होतो.

मावशीचं नाव पुकारलं. ती इस्त्रीच्या साडीत आली. अध्यक्षांनी मानचिन्ह दिलं आणि तिच्या पुढ्यातच उभे राहिले. अख्खे. अत्तर, घाम आणि ते हसू. त्यांच्यामागून सून आली, सुनेचा भाऊ आला. मावशीची फक्त कोपरं दिसत होती.

"अध्यक्ष, जरा बाजूला," दादा ओरडला.

"घ्या हो असाच. वेळ नाही."

दादाने खोटी बत्ती मारली. मंडळी हलली नाहीत. पुन्हा मारली. मग चिटणीसांनी मावशीच्या हातातून मानचिन्ह सोडवलं आणि मला खूण केली. मी पुढचं नाव घेतलं.

मावशीचा फोटो निघालाच नव्हता.

"मी वाट बघत होतो रे," दादा म्हणाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो मागे-पुढे जात राहिला, जणू शोधलं की सापडेल.

चिटणीसांना त्यात काही वाटलं नाही. "कुठलातरी चेहरा शोधा तिचा आणि चिकटवा. कॉम्प्युटरवर होतं सगळं."

"आणि धड?"

"कुणाचंही."

दुसऱ्या दिवशी दादाने ते मानचिन्ह मागून आणलं आणि वर पुन्हा मावशीच्या नावाची चिठ्ठी लावली. "पुढच्या कार्यक्रमाआधी परत करा," चिटणीसांनी बजावलं. आम्ही मावशीकडे गेलो. एक खोली, खिडकीशी मशीन, दोरीवर अर्धा शिवलेला कोट. दादाने आडपडदा ठेवला नाही.

"मावशी, कालचा फोटो नाही आला. चूक माझी."

ती म्हणाली, "माझ्यासमोर नुसती पाठ होती. तेव्हाच कळलं मला. पण मुलाला सांगून बसलेय ना."

"आत्ता काढतो. हे धरा."

ती खिडकीशी बसली. मानचिन्ह मांडीवर घेतलं. तिचा अंगठा नावावरून फिरला आणि थांबला.

"इथे जाड का लागतंय?"

तिने सुई घेतली. वरची चिठ्ठी उचकटली. खाली कालच्याच एका गायकाचं नाव. त्याखाली कुणा मास्तरांचं. त्याखाली गेल्या वर्षीचं कुणीतरी. चिकट पट्ट्या ती मनगटावर लावत गेली.

"ठिगळावर ठिगळ," ती म्हणाली. "इतकं घाणेरडं काम मी भिकाऱ्याच्या लक्तरांवरही केलं नाही."

शेवटी पितळ लागलं. त्यावर कोरलेलं नाव होतं. आमच्या अध्यक्षांचं. कुठल्यातरी दुसऱ्या मंडळाने त्यांचा कधीकाळी केलेला सत्कार. घरातलं नकोसं झालेलं मानचिन्ह त्यांनी वस्तीला दिलं होतं आणि वर्षानुवर्षं प्रत्येकाच्या हातात ठेवून परत घेतलं होतं.



"नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा," मावशी म्हणाली. "आणि इथे वाळाही उसना." मग ती ताठ बसली. "काढ."

"हे धरून?"

"हेच धरून. आणि नाव नीट येऊ दे."

दादाने तो फोटो काढला. पण त्याआधी, ती चिठ्ठ्या उचकटत होती तेव्हाच, त्याने एक काढला होता. जीभ दातात, मनगटभर पट्ट्या, सुईवर उजेड. मावशीने मुलाला तोच पाठवला. मुलाचा लगेच फोन आला, "आई, तू करतेस काय नक्की?" मावशीने सगळं सांगितलं. तो इतका हसला की आम्हालाही ऐकू आलं. मशीन विकायचं त्या दिवशी त्याने काढलं नाही.

दुसरा फोटो घेऊन दादा मंडळाच्या कचेरीत गेला. मीही गेलो. स्फोट होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. दादाने बॅग खांद्यावरून उतरवलीही नाही. हाकललं की निघायचं.

अध्यक्षांनी चष्मा लावला. फोटो जवळ घेतला. लांब धरला.

"वा! नाव किती स्वच्छ आलंय." ते चिटणीसांकडे वळले. "हा मोठा करून दारासमोरच्या भिंतीवर लावा."

"आणि मावशी?" दादाने विचारलं.

"असू दे की. बरं दिसतं."

मी फोटोखाली मावशीचं पूर्ण नाव लिहून दिलं होतं. भिंतीवर लागलं ते असं: 'मा. अध्यक्षांचं मानचिन्ह न्याहाळताना एक कार्यकर्ती.'

जिन्यात दादा कठडा धरून उभा राहिला. मला वाटलं, आता ओकतो.

"हाकलतील असं वाटलं होतं, कवी," तो म्हणाला. "हाकललंसुद्धा नाही रे."

पुढच्या कार्यक्रमालाही त्यालाच बोलावलं. तो गेला. अध्यक्ष मंचाच्या मधोमध उभे राहिले, हनुवटी वर करून. बत्ती लखलखत राहिली. मी माइकपाशी होतो. दादाचं बोट मला दिसत होतं. ते फ्लॅशच्या पाठीवरून हललंच नाही.

एकदाच तो वळला. पडद्याआड मावशी कुणाच्यातरी बाहीला टाके घालत होती. तिकडे कॅमेरा नेऊन त्याने खरं बटण दाबलं. बत्ती न लावता.

"इकडे, इकडे," अध्यक्षांनी मंचावरून हाक मारली. "अजून एक घ्या."

दादाने उजेड दिला.