शेऱ्याचा रकाना

आमच्या विद्यापीठात अकरा खेळ आणि अकरा प्रशिक्षक. त्यांना एक ते अकरा नंबर लावायचं काम तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं, कारण क्रीडा विभागात सगळ्यांत जुनी मी आणि एक्सेल येणारीही एकटी मीच. ज्याला काम येतं त्यालाच काम लागतं, हा कुठल्याही ऑफिसचा कायदा आहे.

नवे संचालक आले होते. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, मला भावना नकोत, आकडे हवेत. शेवटच्या दोघांचं कॉन्ट्रॅक्ट यंदा रिन्यू होणार नाही." हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. उलट मी खूश झाले. इतकी वर्षं या लोकांचे ट्रॅकसूटचे साइज, बसची बुकिंगं आणि रुसवेफुगवे सांभाळत होते. आता एकदाचे त्यांना मार्क द्यायला मिळणार होते.

रकाने ठरलेले होते: पदकं, नोंदवलेली मुलं, हजेरी, प्रशिक्षकाची सर्टिफिकेटं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो मी भरायचा होता आणि त्यालाही दहा मार्क होते. मी मोठ्या उत्साहाने भरायला घेतला. क्रिकेटचे कोच ढगाळ हवेतही गॉगल काढायचे नाहीत आणि संघात भाच्याला घ्यायचे. त्यांच्यापुढे मी 'निवडीत पारदर्शकता हवी' असं लिहिलं आणि मनात म्हटलं, आपला तो बाब्या. बुद्धिबळाचे कोच कधीच कुणावर ओरडले नव्हते, म्हणून त्यांना नऊ दिले. पोहण्याच्या मॅडम स्वतः पाण्यात उतरलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या, पण पदकं आणायच्या, आठ. असं करत करत खो-खोच्या सरांपाशी आले आणि हात थांबला. ते काशीगावचे, आणि माझे स्वतःचे सर.

आम्ही गिरगावातून मीरा रोडला राहायला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. दोन खोल्या जास्त मिळाल्या म्हणून आई आनंदात, आणि मैत्रिणी तुटल्या म्हणून मी रडवेली. शाळेतल्या एका मुलीने मला तिच्या गावात नेलं. काशीगावात तेव्हा भात कापून झालं की रिकाम्या शेतात दोन खांब रोवायचे, फक्कीने रेषा मारायच्या आणि सर पोरींना खो-खो खेळवायचे. सर म्हणजे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगाच होता तो. भाताची खुंटं अनवाणी तळव्यांना टोचायची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रांगेतल्या एका चौकोनात बसवलं. खो-खोत पाठलाग करणारी एक आणि बसणाऱ्या आठ. पाठीमागून थाप आणि खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. सर म्हणायचे, "बसलीस म्हंजी रिकामी न्हाय, बाय. पाय तयार ठेव."

मी पाय तयार ठेवून बसले. पाठीमागचं काही दिसत नव्हतं. मग कुणाचा तरी तळवा पाठीवर सणकून बसला आणि मी उठून पळत सुटले. त्या गावात मला कुणी ओळखत नव्हतं, आणि त्या एका थापेने मी आठ जणींमधली एक झाले. पन्नाशी उलटली तरी ती थाप मला आठवते. नवऱ्याने कधी मायेने पाठीवर हात ठेवला तरी मला आधी ते शेत आठवायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

पुढे मी या विद्यापीठात नोकरीला लागले आणि काही वर्षांनी सर तिथेच कॉन्ट्रॅक्टवर कोच म्हणून आले. माझ्या टेबलाच्या खिडकीतून मैदान दिसायचं. रोज सकाळी फायली काढताना त्यांच्या टाळ्या ऐकू यायच्या. ते शिटी वापरत नसत, टाळी वाजवत. त्या टाळ्या ऐकल्या की आजचा दिवस बरा जाणार असं मला उगाच वाटायचं.

त्यांची एक खोड होती. निवड झाली की सगळ्यांत वेगाने पळणाऱ्या पोरीला ते स्वतः मैदानाच्या पलीकडे ॲथलेटिक्सच्या कोचकडे घेऊन जात. "हिचे पाय लांब हायत. आमच्यात बसून बसून वाया जायाची," म्हणून तिला तिकडे सोडून येत. त्यानंतरही वर्षभर पहाटे तिचा सराव हेच घेत. पोरगी चारशे मीटरला पदक आणायची, आणि ते पदक अर्थातच ॲथलेटिक्सचं. मी एकदा म्हटलं, "सर, आपली टीम दरवर्षी सेमीफायनलला हरते ती याच्यामुळेच." तर म्हणाले, "हरू दे. पोरगी जिकली ना?"

आता एक्सेलला हे कुठून कळणार? खो-खोसमोर पदकं शून्य आली. सर्टिफिकेट एकच, तेही जुनंपुराणं. ॲथलेटिक्सचे कोच पहिले आले आणि माझे सर अकरावे. शेऱ्याचे दहापैकी आठ मिळाले असते तरी ते नवव्या नंबरावर जाऊन वाचत होते. हे मी करून बघितलं. आठचा आकडा घातला, सर वर सरकले. काढला, खाली आले. मी शेरा टाइपही केला, 'यांनी घडवलेल्या मुलींची पदकं ॲथलेटिक्सच्या ओळीत आहेत.' एवढं एकच खरं वाक्य.

आणि मग ते पुसलं. सगळ्या विभागाला माहीत होतं की ते माझे सर आहेत. क्रिकेटवाल्यांच्या भाच्यावर बोट ठेवणारी मी, माझ्याच सरांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणेल याची मला धास्ती वाटली. नि:पक्षपाती म्हणून माझं नाव होतं आणि ते मला फार आवडायचं. खरं बोललं तर पक्षपात दिसेल म्हणून खरं बोलायचं नाही, असला शहाणपणा मी केला. सगळ्यांचे शेरे भरले, त्यांचाच रकाना कोरा ठेवला.

प्रत्येकाने येऊन आपली ओळ वाचायची आणि सही करायची होती. क्रिकेटवाल्यांनी अर्धा तास वाद घातला. सर आले, चष्मा लावला, बोट ठेवून सावकाश ओळ वाचली.

"मार्क बरोबर हायत," ते म्हणाले. "पदक न्हाय त न्हाय."

त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. वर बाकीच्यांचे शेरे होते, ते त्यांनी वाचले असणार.

"ह्यो शेरा कोन लिवतो?"

"मी, सर."

"बरं," ते म्हणाले आणि सही केली. माझ्या टेबलावरचं पेन नीट टोपण लावून परत ठेवलं.

त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. निरोपाला संचालकांनी शाल आणि नारळ दिला, मी हार आणला होता. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. खांब काढले आणि त्या जागी हिरवं टर्फ अंथरलं. त्यानंतर किती तरी सकाळी मी खिडकी उघडून थांबले आहे. फुटबॉलवाल्यांची शिटी ऐकू येते. टाळी नाही. मला तो आवाज परत हवा होता. तो माझ्याच हाताने गेला हे मला माहीत होतं, तरी हवा होता.

मी राहते मीरा रोडजवळच्या इंद्रलोक वसाहतीत. तिथून काशीगाव म्हणजे शेअर रिक्षा आणि थोडी पायपीट. तेवढं अंतर मला तीन वर्षांत गाठता आलं नाही. कधी पाहुणे, कधी गुडघे, कधी मेट्रोच्या कामाचा ट्रॅफिक. कारणं शोधायला बसलं की मी फार हुशार आहे.

परवा ॲथलेटिक्सचे कोच माझ्याकडे रिलेच्या एंट्रीचा फॉर्म घेऊन आले. "मॅडम, यंदा चार मुलीसुद्धा होत नाहीयेत," ते म्हणाले. "पूर्वी खो-खोतून यायच्या." मी फॉर्म ठेवून घेतला. त्या रविवारी मात्र सकाळीच रिक्षात बसले.

शेतं तर कधीच गेली. गावामागे बिल्डरचा एक प्लॉट पडून आहे, त्याच्या अर्ध्या भागात पत्रे लावलेत. उरलेल्या जागेत दोन खांब होते आणि फक्कीच्या रेषा. सर होते. केस पूर्ण पिकलेले, टाळी तीच. पोरी मात्र आता टॉवरमधल्या, चाळीतल्या, सगळ्या भाषांच्या. मी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "आलीस? एक कमी हाय. बस."

मी साडी खोचून बसले. गुडघे कुरकुरले. समोर टॉवरची कंपाऊंड वॉल, मागे पळणारे पाय. मी खरंच पाय तयार ठेवले होते. पाय माझ्या मागे येऊन थांबले आणि एक आवाज आला, "आंटी उठ पाएगी क्या?" मग ते पाय पुढे गेले आणि खो माझ्या शेजारणीला मिळाला. डाव संपेपर्यंत मी बसूनच होते.

डाव संपल्यावर सर एका पोरीला घेऊन माझ्याकडे आले. सडपातळ, लांब पायांची, धापासुद्धा न टाकणारी. "यंदा तुमच्या कॉलेजात लागलीय," ते म्हणाले. "बग कशी पळतेय. आमच्यात वाया जायाची. तुमच्या ॲथलेटिक्सच्या सरांना चार ओळी लिवून दे. तुजं अक्षर चांगलं हाय."

पर्समध्ये वही होती. मी तिथेच उभ्याने लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य लिहिलं, 'हिला खो-खोच्या सरांनी घडवलं आहे, आणि हिच्याआधी तुमच्याकडे आलेल्या सगळ्या मुलींनाही.' वही त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा लावून, तसंच बोट ठेवून वाचलं.

"ह्ये तवा लिवायचं होतं, बाय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "आता पोरीचं लिव."

मी ती ओळ खोडली. तिच्याखाली पोरीचं नाव, वय, उंची आणि दोनशे मीटरची वेळ लिहिली, आणि सही करून कागद त्यांच्या हातात दिला.