‘रेडी’ म्हणण्याआधीचा फोटो

दगडू महाजन, म्हणजे आपल्या सर्वांचे दगडूनाना, यांच्याशी माझी पहिली ओळख भांडणाने झाली, हे आधीच कबूल केलेलं बरं. नानांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने ‘लेख भारदस्त हवा’ असं मला दोनदा बजावलं आहे. मी प्रयत्न करते. पण नानांविषयी भारदस्त लिहायला बसलं की हसूच फुटतं.

पंधरा वर्षांपूर्वी माझं लग्न धरणगावी झालं. वैशाखातली भर दुपार. आठच दिवस आधी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला झालं होतं आणि पंधरा दिवस झगझगीत उजेड नको अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. त्यामुळे आबा मांडवात आलेच नाहीत. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, माजघरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी बसून त्यांनी लेकीची मंगलाष्टकं नुसती ऐकली. पाठवणीआधी मी त्यांच्या पाया पडायला आत जाणार, तेवढाच काय तो आम्हा दोघांचा फोटो निघणार होता. आबांबरोबरचा माझा एकही फोटो तोवर नव्हता. आणि जळगावहून बोलावलेले फोटोग्राफर, म्हणजेच नाना, कॅमेऱ्यावर भला मोठा फ्लॅश चढवून माझ्यामागोमाग निघाले!

मी नवरी आहे हे विसरून उंबऱ्यातच हात आडवे केले. “इथे फ्लॅश मारायचा नाही!”

आतून आबा आपल्या अहिराणीत ओरडले, “मन्हा डोया गया तरी चाली, पन पोरगीना फोटो निंघाले जोयजे!”

मला रडूच कोसळलं. फोटो हवा होता, पण वडिलांच्या डोळ्याच्या मोबदल्यात नको होता. नानांनी एकदा आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि फ्लॅश काढून पिशवीत टाकला. “मग नको. घरात उजेड आहे की,” ते म्हणाले. इतकं साधं.

उजेड कुठला? खोलीला दार एकच आणि दारात आठ-दहा आत्या-मावश्या दाटीने उभ्या. नानांनी आधी त्यांना हात जोडून बाजूला केलं. मग आहेरात आलेलं आबांचं कोरं धोतर मागवलं आणि माझ्या दोन मामांना ते दारासमोरच्या भिंतीशी पडद्यासारखं धरून उभं केलं. मामा कुरकुरले, पण दारातून आलेला उजेड त्या धोतरावर पडून आबांच्या चेहऱ्यावर मऊसा उतरला. “आबा, डोयाले तरास व्हस का?” नानांनी विचारलं. आबा म्हणाले, “नही.” तेव्हाच पुढचं काम सुरू झालं.

ते काय करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्यांच्याच हाताखाली कळलं. मांडवातला रोल काढून त्यांनी चारशे स्पीडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घातला आणि, कमी उजेडात भागावं म्हणून, कॅमेऱ्याला तो सोळाशेचा आहे असं सांगितलं. ती तूट नंतर डेव्हलपिंगला जास्त वेळ देऊन भरून काढायची. लेन्सचं तोंड पुरतं उघडलं. उजेड मोजायचा मीटर दाराकडे न रोखता आबांशेजारी धरलेल्या स्वतःच्या तळहातावर रोखला. तळहात चेहऱ्यापेक्षा उजळ, म्हणून वर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, जास्त. शटर सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यावर. एवढ्या वेळात माणसाचा हात हलतोच, म्हणून पाठ खांबाला, कोपर ज्वारीच्या पोत्यावर, आणि अर्धा श्वास सोडून थांबायचं.

आता खरी अडचण आबांची. फोटो म्हणजे चमक, ही आपल्याकडची पक्की समजूत. आबा चमकेची वाट पाहत छाती फुगवून, ओठ मिटून बसले. मीही तशीच. नाना डोळ्याला लावलेला कॅमेरा न काढता म्हणाले, “थांबा आबा, रोल अडकी गया.”

आबांनी हुश्श करून श्वास सोडला. माझ्या गालावरून हात फिरवत ते हळूच म्हणाले, “काही खाधं का व माय? का उपाशीच निंघनी?” मी हसले आणि रडलेही.

मग नाना म्हणाले, “हां, रेडी!” आम्ही दोघं पुन्हा पुतळे झालो. खट्ट वाजलं. चमक काही पडली नाही.

झालं! माझे काका तावातावाने उठले. “चमक पडनी नही, तं फोटो कसा निंघना व्हई?” सगळ्या वऱ्हाडाचं एकमत झालं की फोटोग्राफरने फसवलं. नाना शांतपणे पिशवी आवरून बुंदी खायला बसले.

सासरी धुळ्याला मी तीन आठवडे काढले ते एका धास्तीतच. त्या फोटोत काहीच आलं नसेल, तर? रोज पोस्टमनची वाट पाहिली. शेवटी नाना स्वतःच एस.टी.ने पाकीट घेऊन दारात हजर. आत दोन फोटो होते. ‘रेडी’ म्हटल्यानंतरच्या फोटोत बापलेक खांबासारखे ताठ. आणि त्याआधीच्या फोटोत आबा मला जेवलीस का विचारत होते. रोल अडकलाच नव्हता! आबांचा हात जरा पुसट आला होता. मी तसं म्हणताच नाना म्हणाले, “येणारच. गालावरून फिरत होता ना?” मी दारातच बसून पोटभर रडले. सासूबाईंना वाटलं, माहेरची वाईट बातमी आली.

आबा त्यानंतर नऊ वर्षं जगले. दोन्ही डोळ्यांनी व्यवस्थित पाहत होते, आणि पाहुणा आला की त्याला तो फोटो दाखवत होते. काकाही पुढे आपल्या तिन्ही मुलींच्या लग्नांना नानांशिवाय कुणाला बोलवेनात.

मी शाळेत शिक्षिका झाले आणि सुट्टीत जळगावला नानांच्या दुकानात जाऊन हे काम शिकू लागले. बाईमाणूस कॅमेरा शिकते म्हणून गल्लीत कुजबुज झाली, तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.” अंधाराला दोष देणाऱ्या फोटोग्राफरांना ते ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून चिडवतात. नरडाण्याच्या एका बारशाचे छत्तीस फोटो त्यांनी बाळाची झोप न मोडता काढले, तेव्हा बाळाच्या आजीने त्यांना ओवाळलं होतं.

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पहिल्यांदाच काढताना मात्र मी घोळ घातला. अर्धा रोल चारशेवर काढला आणि मग नानांची अंधारातली युक्ती आठवून मधूनच सोळाशेवर गेले. एकाच रोलला दोन मापं, आणि धुवायचा तर सगळा रोल एकदमच! मी तोंड लपवत दुकानात गेले. नाना रागावले नाहीत. फिल्मचा एक तुकडा आधी धुऊन पाहून त्यांनी मधला मार्ग काढला, आणि पुढे दोन दिवस डार्करूममध्ये बसून नाचातल्या प्रत्येक मुलीचा चेहरा कागदावर आणला. शेवटी एवढंच म्हणाले, “आता ही चूक तू पुन्हा करणार नाहीस. नवीन कर.” मी त्यांचा शब्द पाळला आहे.

या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी नानांचा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या आठवड्यात दुकानात गेले. नानांनी कोट चढवला, केस चापून बसवले आणि खुर्चीत बसले, छाती फुगवून, ओठ मिटून, थेट आबांसारखे! मी खांबाला पाठ लावली, अर्धा श्वास सोडला आणि म्हणाले, “थांबा नाना, रोल अडकला वाटतं.”

नाना तत्काळ सैलावले. चेहऱ्यावर काळजी आणि माया एकदम आली. हात पुढे करून म्हणाले, “आन इकडे, मी देखस.”

मग मी “रेडी” म्हटलं. नाना पुन्हा ताठ झाले, आणि एका क्षणात त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “रोल अडकना नव्हता ना?” मी मान हलवली. माझे गुरू इतके हसले, की कोटाचं बटण तुटलं.

वाचकहो, मुखपृष्ठावर ‘रेडी’ म्हणण्याआधीचा तोच फोटो आहे. त्यात नानांचा पुढे आलेला हात जरा पुसट दिसेल. तो दोष माझा नव्हे. हा हात आमच्या अडकलेल्या रोलांसाठी असाच आणखी चाळीस वर्षं पुढे येत राहो, आणि नानांच्या शंभरीचा फोटोही, त्यांच्या नकळत, मलाच काढायला मिळो.